बंब येईपर्यंत

गेल्या वर्षीची दिवाळी आम्ही उभयतांनी मुलीकडे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहानशा गावी केली. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. सौभाग्यवती चकल्या तळीत होती, मुलगी सोऱ्या फिरवीत होती, आणि मी अशा प्रसंगी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने जे करावयाचे ते, म्हणजे पहिल्या घाण्याची चव पाहून सूचना, करीत होतो. इतक्यात मुलीच्या कमरेला अडकवलेला पेजर किंचाळू लागला आणि त्यातून कोणी बाई भराभर पत्ता सांगू लागली. पाठोपाठ गावातला भोंगा वाजला. मुलीने आधी कढईखालचा गॅस बंद केला, आईला दोन पावले मागे सारले, हात पुसले आणि, "बाबा, तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका," एवढे बोलून ती मोटार घेऊन निघूनही गेली. अर्धवट तळलेल्या चकल्या तेलात तशाच राहिल्या.

ती परतली रात्री साडेअकरा वाजता. केसांना धुराचा वास, गुडघ्यापर्यंत चिखल. गावाबाहेर एका शेतकऱ्याचे गवताचे कोठार पेटले होते. कोठार गेले, पण शेजारचा गोठा आणि घर वाचले. मी बापाच्या अधिकाराने विचारले, "या कामाचे तुला देतात तरी किती?"

"काही नाही, बाबा."

"काहीच नाही? मग तू, एका कचेरीत हिशेब तपासणारी बाई, मध्यरात्री आगीत जातेस कशाला?"

"आमच्या गावात पगारी बंबवाले नाहीतच. आम्हीच गेलो नाही तर जाणार कोण?"

या उत्तराने माझे समाधान झाले नाही. परंतु मी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. समाधान झाले नाही की ग्रंथालयाची वाट धरायची ही जुनी खोड. उरलेला महिना गावच्या ग्रंथालयात बसून मी जे वाचले आणि वाचताना मला जे आठवत राहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिच्यातला उपहास राज्यकर्त्यांना फार प्राचीन काळापासून लागू आहे. रोमच्या ऑगस्टस बादशहाने इ. स. 6 मध्ये खुद्द राजधानीसाठी रात्रीची गस्त घालणाऱ्या व आगी विझवणाऱ्या लोकांच्या सात पलटणी उभारल्या होत्या. प्रश्न होता तो दूरदूरच्या शहरांचा. इ. स. 110 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील निकोमीडिया या शहरात मोठी आग लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजू जळाल्या. तिथला सुभेदार प्लिनी याने बादशहा ट्रेजन यास पत्र लिहून कळवले, की वारा जोराचा होता हे खरे, पण लोकही हातावर हात ठेवून तमाशा पाहत उभे राहिले. शहरात ना पाणी मारण्याचा पंप होता, ना एक बादली. तेव्हा दीडशे कारागिरांचे आग विझवणारे मंडळ स्थापण्याची परवानगी असावी. माणसे पारखून घेईन आणि इतक्या थोड्या लोकांवर नजर ठेवणेही अवघड नाही, अशी हमी त्याने दिली.

ट्रेजनने परवानगी नाकारली. अशी मंडळे कोणत्याही नावाने व कोणत्याही हेतूने काढली, तरी त्यांचे लवकरच राजकीय कंपू होतात, असे त्याचे म्हणणे. मंडळ नको, साहित्य तेवढे आणून ठेवा, घरमालकांनी ते वापरावे आणि वेळ पडल्यास जमलेल्या गर्दीची मदत घ्यावी. आमच्या गणेशोत्सवातील मेळ्यांकडे इंग्रज सरकार ज्या नजरेने पाहत असे, तीच ही नजर. चार माणसे चांगल्या कामासाठी जरी नेमाने जमू लागली, तरी सत्तेला त्यांची धास्ती वाटते. ही धास्ती अगदीच खोटी असते असेही नाही. ते पुढे येईलच.

पण माझे मन अडकले ते प्लिनीच्या पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टीवर. लोक तमाशा पाहत उभे राहिले. ते दुष्ट होते का? मला तसे वाटत नाही, कारण अशी एक आग मी पाहिली आहे.

मी अकरा वर्षांचा होतो. पुण्यातल्या एका पेठेत आमचे बिऱ्हाड होते. वाडा जुना, सारे काम लाकडाचे, बारा बिऱ्हाडे आणि मधल्या चौकात विहीर. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी सज्जात टांगलेल्या आकाशकंदिलातली पणती कलंडली. कागद पेटला, त्याखालचे तट्टे पेटले, आणि बघता बघता जाळ वाशांना भिडला. आमच्या वाड्यातले लोक मात्र तमाशा पाहत उभे राहिले नाहीत. आळीतलेसुद्धा चाळीसपन्नास लोक क्षणात धावून आले. पण प्रत्येकजण आपापली घागर घेऊन विहिरीकडे. रहाट दोन, त्यांवर वीस हात. जो तो आपली घागर भरून स्वतःच जिन्याकडे पळे आणि रिकामी घेऊन उतरणाऱ्यावर आदळे. दुसरीकडे ट्रंका, गाद्या, पितळी भांडी बाहेर काढण्याची लगबग. जळत्या घराचा पोळता वासा म्हणतात तसे, हाताला लागेल ते वाचवावे अशी धांदल. मी फराळाचे तीन डबे बाहेर आणले आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली.

वरच्या माडीवर एक आजी एकट्या राहत. कानांनी अधू. त्या लवकर निजत. त्यांना कोणी तरी खाली आणले असेलच, असे चाळीसपन्नास जणांपैकी प्रत्येकाला वाटले. माणसे मोजली कोणीच नाहीत. "आजी कुठे आहेत?" असे कोणी तरी ओरडले, तेव्हा जिना धुराने भरला होता. घंटा वाजवीत बंब आला, जवानांनी शिडी लावली आणि खिडकीतून त्यांना खाली उतरवले. अंगाला एकही चटका नव्हता, पण धुराने आपले काम आधीच केले होते. आग तासाभरात विझली. मी वाचवलेले डबे त्या दिवाळीत कोणी उघडले नाहीत.

त्या दिवशी आमच्याकडे पाणी होते, भांडी होती, माणसे होती, आणि माया तर होतीच. मग काय नव्हते? याचे उत्तर मला साठ वर्षांनी, त्या परक्या गावच्या ग्रंथालयात, फिलाडेल्फिया शहरातल्या एका छापखानेवाल्याच्या चरित्रात मिळाले.

हा छापखानेवाला म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. पुढे तो शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि राष्ट्राचा एक संस्थापक म्हणून जगाला माहीत झाला; पण 1730 साली धक्क्यावरच्या वखारी आणि शेजारची घरे जळाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि वर्तमानपत्र चालवीत होता. 1735 च्या फेब्रुवारीत त्याने आपल्याच पत्रात, आपण कोणी म्हातारा नागरिक आहोत अशी बतावणी करून, आगीविषयी एक पत्र छापले. त्यातला उपदेश अगदी घरगुती आहे. पेटते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाऊ नका, धुराडी वेळच्या वेळी साफ करा. छटाकभर खबरदारी शेरभर इलाजाच्या तोडीची असते, अशा अर्थाची जी इंग्रजी म्हण आज डॉक्टर मंडळी सांगतात, ती याच पत्रात आहे. तिचा संबंध औषधाशी नव्हता, आगीशी होता.

उपदेश करून तो थांबला नाही. 7 डिसेंबर 1736 रोजी त्याने व त्याच्या स्नेह्यांनी 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. सभासदांची मर्यादा तीस. प्रत्येकाने स्वखर्चाने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरण्यासाठी मजबूत पिशव्या व टोपल्या घरी तयार ठेवायच्या, हाक येताच त्या घेऊन धावायचे. आगीच्या जागी काहींनी आग विझवायची, काहींनी सामान पिशव्यांत भरून एका ठिकाणी न्यायचे, काहींनी चोरी होऊ नये म्हणून दाराशी पहारा करायचा, अशी कामांची वाटणी. महिन्यातून एकदा सर्वांनी जमून आगीविषयी बोलायचे. जो चुकेल त्याला दंड, आणि दंडाच्या पैशांतून पंप, शिड्या आणि जळते छप्पर ओढून पाडायचे आकडे घ्यायचे. तिसाहून अधिक लोक येऊ लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आमच्यात गर्दी करू नका, आपापल्या भागात दुसरी कंपनी काढा. अशा कंपन्या निघत गेल्या, आणि तेव्हापासून एका वेळी एकदोनापेक्षा अधिक घरे जळून गेल्याचे ऐकिवात नाही, असे फ्रँकलिनने म्हातारपणी आत्मचरित्रात समाधानाने नमूद केले आहे.

वाचता वाचता मी पुस्तक मिटून बसलो. फिलाडेल्फियाच्या लोकांपाशी आमच्या वाड्यापेक्षा अधिक काय होते? बादलीच ना! पण ती बादली कोणी कुणाच्या हाती द्यायची, हे आग लागण्याच्या आधी ठरलेले होते. दंड कामचुकारपणाला नव्हता, विसराळूपणाला होता. शेजारधर्म सगळ्या मुलखांत आहे. त्याची तालीम मात्र फार थोड्या ठिकाणी होते.

हे सारे वाचून वाचकांना असे वाटू नये की स्वयंसेवक म्हणजे सगळे संतच. शंभर वर्षांत या कंपन्या फोफावल्या, त्यांना गणवेश आले, निशाणे आली, आणि त्याबरोबर चुरसही आली. पाण्याच्या नळावर पहिला हक्क कोणाचा यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोणी जायचे यावरून जे होते, तेच. फरक इतकाच की तिथे तोवर समोर घर जळत असे. सिनसिनाटी शहरात 1851 साली एक गिरणी जळत असताना कंपन्या एकमेकींशी लढत राहिल्या आणि गिरणी खाक झाली. न्यूयॉर्कचा लाचखाऊ पुढारी म्हणून कुप्रसिद्ध झालेला ट्वीड हा मुळात अशाच एका कंपनीचा म्होरक्या होता. राजकारणाची पहिली शिडी त्याला आगीच्या बंबाने लावून दिली. ट्रेजन बादशहाची धास्ती अशी सतराशे वर्षांनी खरी ठरली.

पण त्याच शहरातल्या अशाच एका कंपनीची दुसरी आठवणही सांगतात. मॉली विल्यम्स नावाची एक काळी गुलाम स्त्री तिथे होती. 1818 च्या हिमवादळात पुरुष आजारी पडलेले असताना ती कापडी झग्यावर बाहेर पडली आणि बर्फातून बंब ओढू लागली. माझ्या लेकीच्या पंक्तीची ही पहिली मानकरीण.

शेवटी 1853 च्या एप्रिलमध्ये सिनसिनाटीने वाफेवर चालणारा बंब आणि पगारी माणसे ठेवली. न्यूयॉर्कने 1865 मध्ये तोच मार्ग धरला, आणि 1871 मध्ये खुद्द फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियानेही. मोठ्या शहरांपुरते ते योग्यच झाले. आपल्या मुंबईनेही तेच केले. 1803 च्या फेब्रुवारीत किल्ल्यातला केवढा तरी भाग जळाला होता. पुढे आगी विझवण्याचे काम पोलिसांकडे आले आणि 1887 पासून ते नगरपालिकेने आपल्याकडे घेतले.

पगारी माणसांविषयी हलके बोलण्याचा मला अधिकार नाही. आजींना खाली उतरवणारे पगारीच होते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1400 टन दारूगोळा होता. दुपारपासून जवान तिच्यावर पाणी मारीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाची 66 माणसे त्या दिवशी गेली. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. पगारासाठी कोणी असे मरत नाही. तेव्हा पगारी की बिनपगारी, असा हा वादच नाही. प्रश्न आहे तो हाक आणि बंब यांच्या मधल्या मिनिटांचा.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, आणि त्याची हकीकत दिवाळीच्या दिवसांत आपण अवश्य वाचावी अशी आहे. 8 डिसेंबर 1863 रोजी राजधानी सांतियागो येथे मेरीमातेच्या उत्सवासाठी एक मोठे चर्च हजारो दिव्यांनी सजवले होते. आत मुंगी शिरायला जागा नाही इतकी गर्दी, बहुतेक बायका. एका दिव्याने सजावट पेट घेतली. घेरदार झगे घातलेल्या बायका दाराशी एकमेकींत अडकल्या आणि वाट बंद झाली. सुमारे दोन हजार माणसे गेली. त्याच आठवड्यात होसे लुईस क्लारो नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रात चार ओळींचे आवाहन छापले, की बंबवाल्यांची तुकडी काढू इच्छिणाऱ्या तरुणांनी 14 तारखेला जमावे. 20 डिसेंबरला दल उभे राहिले. वाल्पाराइसो बंदरात असे दल 1851 पासूनच होते. आज त्या सबंध देशात आग विझवणारे सारे स्वयंसेवक आहेत. वकील, सुतार, दंतवैद्य; दिवसा आपला धंदा, हाक आली की बंब.

अमेरिकेतही शहरे सोडली तर हीच रीत टिकून आहे. 2020 च्या मोजणीत देशातले आगवाले सुमारे 10 लाख 41 हजार होते, आणि त्यांपैकी 6 लाख 77 हजार बिनपगारी, म्हणजे शंभरात पासष्ट. मुलीच्या फायर स्टेशनात मी एका रविवारी गेलो. बंबासाठी पैसा उभा करायला तिथे लोकांना नाश्ता विकत होते. टोपी घातलेला एक सत्तरीचा गृहस्थ धिरडी उलटीत होता. तो तुकडीचा जुना नायक. भिंतीवर वर्गणीदारांची नावे. मला तर आमच्या गणपती मंडळाच्या मांडवातच आल्यासारखे वाटले.

तिथेच मला कळले, की बंबाला येणाऱ्या हाकांत आगी फार थोड्या. देशभरचा हिशेब घेतला तर शंभरात चारपाच. साठाहून अधिक हाका आजाराच्या आणि अपघाताच्या. कोणाचे हृदय बंद पडले, कोणी जिन्यावरून पडले. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कोणी दाबली नाही, तर जगण्याची आशा मिनिटामिनिटाला सातदहा टक्क्यांनी उतरते. आगीचेही तसेच. पूर्वीच्या लाकडी, सुती सामानाच्या खोलीचा एकदम भडका उडायला अर्धा तास लागत असे; आजच्या फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिक यांनी भरलेली खोली पाच मिनिटांच्या आत तशी पेटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून तिथे हौशी माणसाला लगेच आगीत सोडत नाहीत. महिनोन्‌महिने शिकवतात. धुराने अंध झालेल्या खोलीत भिंतीला हात लावून रांगायचे, गाठी मारायच्या, छाती दाबायची. आणि आत जाण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा, घरात माणसे किती?

तो प्रश्न माझ्या मुलीने सहज सांगितला. मी मान दुसरीकडे वळवली. वाड्यातल्या त्या आजींची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, कोणी वाईट नव्हतं. कुणाला नेमून दिलं नव्हतं, एवढंच."

आता तिथेही ही परंपरा थकत चालली आहे. पेनसिल्व्हेनियात 1970 च्या दशकात स्वयंसेवक 3 लाखांच्या घरात होते. 2018 च्या एका सरकारी अहवालाने तो आकडा 38 हजारांवर आल्याचे सांगितले. लोक कामासाठी दूर जातात, शिकायला वेळ नाही, शेजारी कोण राहतो ते माहीत नाही. ही कारणे आपल्याला काय परकी आहेत?

आपल्याकडे काही नाही असे नाही. मुंबईत 1946 साली होमगार्ड निघाले, 1968 साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला, 2016 पासून 'आपदा मित्र' योजनेत गावोगावच्या लोकांना पूर आणि इतर संकटांसाठी शिकवू लागले. आणि दर गल्लीत मंडळ तर आहेच. शिडी आहे, दोर आहेत, वर्गणीची वही आहे, मध्यरात्री हाक मारली तर धावणारी पोरे आहेत. फ्रँकलिनला हे सारे शून्यातून जमवावे लागले होते. आपल्याला त्यात महिन्याची एक तालीम तेवढी घालायची आहे.

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीत हा विषय काढला. काही हसले, बारा जण आले. भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे कसे उघडतात ते आम्ही प्रथमच पाहिले. त्यांपैकी दोघांची मुदत संपलेली निघाली. मग एक यादी केली. ज्या घरांत वृद्ध माणसे एकटी राहतात ती घरे, आणि प्रत्येकापुढे आगीच्या वेळी त्यांना खाली आणणाऱ्याचे नाव. यादी दुसऱ्या मजल्यावरच्या एका कॉलेजकुमाराने लिहून काढली. रात्री फटफटी फार वाजवतो म्हणून मी त्याला अनेकदा रागावलो आहे. यादी माझ्या हाती आली तेव्हा सातव्या ओळीत आमचेच नाव होते. सौभाग्यवतीचे आणि माझे. पुढच्या रकान्यात त्याने स्वतःचे नाव लिहिले होते.

मी यादी दाराशेजारी लावली आहे. यंदा पणत्या तिच्यापासून हातभर दूर ठेवल्या आहेत.